जागेपणी जागं राहायचं कसं : सजग स्वप्नातली जाण दिवसा आणण्यासाठी नवख्यांना मार्गदर्शन

स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे तर स्वप्न आहे' असं कधी तुमच्या लक्षात आलंय? आलं असेल तर त्यात जगावेगळं काही नाही. पन्नास वर्षांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१६ साली काढलेल्या हिशेबात साधारण ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असं झाल्याचं सांगितलं होतं. याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. मी पुढे सजग स्वप्न म्हणेन.

या वाटेला येणारे बहुतेक जण उडायला शिकायला येतात. स्वप्नात माडांच्या शेंड्यांवरून उडायचं, किल्ल्याच्या बुरुजावरून समुद्रात झेप घ्यायची वगैरे. हौस म्हणून छान आहे, पण हा लेख त्यासाठी नाही. स्वप्नात त्या एका क्षणी जे लख्ख उमगतं, ते दिवसा कसं आणायचं, यासाठी आहे. म्हणजे फवारणीच्या धांदलीत, एसटीच्या रांगेत, भावकीच्या बैठकीत. मी देवगड तालुक्यात आंब्याची कलमं सांभाळतो. डॉक्टर नाही आणि बुवा तर नाहीच नाही. या वाटेवरून बराच चाललोय आणि नवख्या माणसाचं कुठे अडतं ते आता ओळखीचं झालंय, एवढाच माझा अधिकार.

आधी थोडी पार्श्वभूमी

झोपेत साधारण दर ९० मिनिटांनी 'रेम' नावाचा टप्पा येतो. पहाटेकडे तो लांबत जातो, म्हणून ठळक स्वप्नं पहाटेची असतात. या टप्प्यात हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात, डोळे मात्र हलत असतात. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. अ‍ॅलन वर्स्ली नावाच्या माणसाने झोपेत, स्वप्नाची जाण आल्यावर, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्रावर उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवून १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. २०२१ मध्ये तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स अशा चार देशांतल्या गटांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. 'आठ वजा सहा किती?' याला एकाने झोपेतूनच डोळ्यांच्या खुणेने 'दोन' असं उत्तर दिलं. तेव्हा हे थोतांड आहे की काय, ही शंका बाजूला ठेवायला हरकत नाही.

आता कामाचं. साध्या स्वप्नात तुम्ही मालवणच्या जेटीवर उभे असता, वळता तर चौथीचा वर्ग, आणि फळ्यापाशी तुमचे वारलेले मामा उभे. तुम्हाला यात काहीही वावगं वाटत नाही. अक्कल गहाण पडलेली नसते. स्वप्नातही माणूस भांडतो, हिशेब करतो, सबबी सांगतो. फक्त एक प्रश्न पडत नाही : मी इथे आलो कसा? सजग स्वप्नात तो पडतो, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. दिवसाही आपण तासन् तास हा प्रश्न न पडता घालवतो. अख्ख्या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, उरलेली सगळी त्याची कृती आहे.

कोणी लांब राहावं

हे आधी वाचा, मग पुढे जा. ज्यांना भ्रम होण्याचा, आवाज ऐकू येण्याचा त्रास झालाय किंवा त्यासाठी औषधं चालू आहेत, त्यांनी 'हे खरं आहे का' असं स्वतःला दिवसभर विचारत बसू नये. अधूनमधून सगळं काचेपलीकडचं, खोटं-खोटं वाटतं अशांनीही नको. आधी डॉक्टरांशी बोला. रात्रपाळी करणारे आणि पहाटे होडी घेऊन जाणारे यांनी झोपमोड करणारा भाग (सातवी पायरी) सोडून द्यावा, बाकीचं करायला हरकत नाही.

लागणारं साहित्य

एक वही आणि पेन, उशाशी. जेल पेन नको. पावसाळ्यात दमट कागदावर शाई पसरते. छोटी बॅटरी, कारण लाईट असेलच याचा भरवसा नाही. भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर. कशासाठी ते चौथ्या पायरीत कळेल. सात-आठ तासांची झोप. आणि घरातलं एक माणूस, ज्याला तुम्ही काय करताय ते ठाऊक आहे. अ‍ॅप, डोळ्यांवर बांधायचे दिवे, गोळ्या यातलं काहीही विकत घेऊ नका.

१. स्वप्नं लिहायला लागा

उठल्यावर अंग हलवू नका. डोळे मिटलेलेच ठेवा आणि 'आत्ता काय चाललं होतं?' एवढं विचारा. शेपूट हाताला लागलं की मागे मागे जा. मग लिहा, तुटक लिहिलं तरी चालेल. 'काहीच आठवत नाही' हेही लिहा, तारखेसह. मोबाइल हातात घेतलात की संपलं : पहिल्या मेसेजबरोबर स्वप्न पुसलं जातं.

शुद्धलेखन, अर्थ, शकुन-अपशकुन या भानगडीत पडू नका. स्वप्नात साप दिसला म्हणजे काय, असं विचारणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात. त्यांना वही दाखवू नका.

२. आपल्या खुणा ओळखा

पंधरवडाभर लिहिलंत की वही पुन्हा चाळा. तेच तेच काहीतरी येत असतं. कोणाला गेलेली माणसं दिसतात, कोणाची गाडी चुकते, कोणी पुन्हा दहावीच्या परीक्षेला बसतं. आमच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ जणांच्या स्वप्नात पाणी शिरतं : समुद्र अंगणात येतो, विहीर ओसंडते. या तुमच्या रात्रीच्या खुणा. त्या अधोरेखित करा.

त्याच वहीत मागच्या पानापासून दुसरी यादी सुरू करा, दिवसाच्या खुणांची. दिवसा तुम्ही कुठे कुठे वाहून जाता? कोणाचं नाव निघालं की? कोणता फोन आला की? पैशाचा विषय निघाला की? मोहोराच्या दिवसांत आभाळ भरून आलं की बागायतदाराच्या डोक्यात अख्खा हंगाम बुडालेला असतो; पाऊस मात्र अजून पडलेला नसतो. ही दिवसाची यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची. लोक ती करत नाहीत.

३. कसोट्या, आणि आपल्याकडे न चालणाऱ्या कसोट्या

जाग तपासायला काही ठरलेल्या कसोट्या आहेत. परदेशी लोकांनी सुचवलेल्या सगळ्याच कोकणात चालत नाहीत.

दिव्याचं बटण : स्वप्नात बटण दाबून दिवा नीट लागत नाही, असं बऱ्याच जणांना आढळतं. पण ही कसोटी आपल्याकडे वापरलीत तर जून ते सप्टेंबर हे एक अखंड स्वप्न ठरेल. तीच गत फोनची. 'नंबर लागत नाही म्हणजे हे स्वप्न' असं मानलंत तर अर्ध्या तालुक्यात तुम्ही कधी जागे झालातच नाही असं होईल.

नाक : बोटांनी नाकपुड्या घट्ट दाबा, तोंड मिटा आणि नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न करा. स्वप्नात बहुतेक वेळा श्वास आत जातो, कारण खरं नाक कोणी धरलेलंच नसतं. माझ्या मते सगळ्यात भरवशाची. वर सर्दी-पडशाचं निमित्त असतंच, चारचौघांत करता येते.

वाचन : एसटीची पाटी वाचा, 'देवगड-नांदगाव'. नजर दुसरीकडे न्या, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुधा जागची हलतात, कारण त्यांना धरून ठेवणारं बाहेर काही नसतं, मेंदू ती दर वेळी नव्याने रचतो. हातावरचं घड्याळही असंच दोनदा पाहता येतं.

बोटं : हाताची बोटं मोजा. सोपं आहे, पण घाईत मोजलीत तर स्वप्नातही पाचच भरतात.

आणि एक कडक नियम : ज्यात पडण्या-बुडण्या-भाजण्याचा धोका आहे, अशी कोणतीही गोष्ट कसोटी म्हणून करायची नाही. कठड्यावरून उडी मारून बघू, हा विचारही नको.

आता मुख्य सापळा. बहुतेक जण दिवसातून वीस वेळा नाक दाबतात आणि प्रश्न विचारायचा विसरतात. नाक दाबणं ही मग खाजवण्यासारखी सवय होते. ऑस्ट्रेलियात डेन्होम अ‍ॅस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या दिवसाच्या कसोट्यांचा आठवडाभरात म्हणावा असा उपयोग दिसला नव्हता. पाउल थोलाय हे जर्मन मानसशास्त्रज्ञ याच्या बरंच आधीपासून सांगत होते की प्रश्न मनापासून विचारायला हवा : 'मी जागा आहे की स्वप्नात?' उत्तर माहीत असल्यासारखं विचारू नका. नाक दाबण्याआधी दोन श्वास थांबा आणि क्षणभर खरंच शंका घ्या. ही बाज मघाशी जिथे होती तिथेच आहे का? मी इथवर आलो तो कुठल्या वाटेने? पाच मिनिटांपूर्वी कुठे होतो? असा प्रश्न दिवसातून पाच-सात वेळा विचारलात तरी पुष्कळ.

४. दिवसाला खुंटे ठोका

'आठवण झाली की करीन' असं म्हणून चालत नाही. आठवणच तर होत नाही! म्हणून प्रश्न कशाला तरी बांधून ठेवायचा. मोबाइलचा गजर लावून पाहा. चौथ्या दिवशी तो न ऐकता बंद करायला हात शिकतो. ठरलेल्या वेळेचा खुंटा लवकर झिजतो. आपल्याकडे त्याहून चांगले, फुकटचे खुंटे आहेत.

पहिला : रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस. सिंधुदुर्गात घराबाहेर पडलात की पहिल्या वळणावर कोणीतरी विचारतंच, "काय रे, खंय चललंस?" चाकरमानी असाल तर, "कधी इलंस? कधी जातलंस?" (कधी आलास, कधी जाणार?) आपण "हंयच, जरा" म्हणून पुढे होतो. तोंडाने तेच म्हणा, पण मनात खरं उत्तर द्या. मी कुठे चाललोय? कुठून निघालो? निघताना मनात काय होतं आणि आत्ता काय चाललंय? सजग स्वप्नात जो प्रश्न स्वतःला पडावा म्हणून जग प्रयोगशाळा उघडतं, तो आपल्याकडे म्हातारी माणसं पडवीत बसून फुकट विचारतात.

दुसरा : भरती. तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा खुंटा शिळा होत नाही. आपल्याकडचा जुना हिशेब बऱ्याच जणांना ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. सकाळी कॅलेंडर बघा, वेळ काढा, आणि त्या वेळेला, तुम्ही खाडीकाठी असा की तहसील कचेरीत, 'आत्ता पाणी पूर्ण चढलं असेल' हे आठवून प्रश्न विचारा. वेळ चुकली तर चुकली. किती उशिरा आठवलं ते वहीत लिहा, बस्स. अंदाजे म्हटलंय ते लक्षात ठेवा. होडी काढायला किंवा खडकांत कालवं काढायला जाताना हा हिशेब वापरू नका, बंदरावर विचारा.

तिसरा : रोज सकाळी दोन प्रसंग ठरवून ठेवा. उदाहरणार्थ, पहिल्यांदा मासेवालीची हाक ऐकेन तेव्हा, आणि पहिल्यांदा साकवावर पाऊल ठेवीन तेव्हा. दुसऱ्या दिवशी प्रसंग बदला. पुढे करायचं ते वेळेवर आठवण्याची ही कसरत आहे आणि लाबर्ज यांच्या रात्रीच्या पद्धतीचा (ती सातव्या पायरीत येईल) पायाही तोच आहे. सुरुवातीला हाक येते, बांगड्यांचा भाव होतो, मासे साफ होतात, कालवण होतं, आणि जेवताना आठवतं. मग ते जेवताना आठवणंही मोजा. ते हळूहळू अलीकडे सरकतं.

५. डोक्यातली कोर्टकचेरी

सगळा अभ्यास या पायरीसाठी आहे. इथे सावकाश जा.

तुम्ही पंप चालू करायला पाणंदीने निघालात. गडग्याजवळ, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधाजवळ, येता आणि नजर जाते : वरचे चार चिरे तुमच्या बाजूला सरकलेत. झालं. पुढच्या पावलाला तुम्ही पाणंदीत नसता. चुलतभाऊ समोर उभा असतो आणि तुम्ही त्याला सुनावत असता, "दादा, आजोबांच्या वेळेपासून गडगा इथंच आहे." तो काहीतरी बोलतो. तुम्ही सवाई उत्तर देता. काकी मध्ये पडते. मोजणीला माणसं येतात, साखळी पसरली जाते, सातबारा निघतो, कोर्टात तारीख लागते, तुमचा वकील बोलायला उठतो, आणि खटला तुम्ही जिंकतासुद्धा. एवढ्यात पंपाची पेटी येते आणि कळतं, किल्ली घरी राहिली.

या सगळ्यात दादाची वाक्यं कोण म्हणत होतं? तुम्हीच. काकीची? तुम्हीच. न्यायाधीशही तुम्हीच. अंग मात्र खरं तापलं : जबडा आवळलेला, उजवा हात हवेत, वाटेवरच्या बेडकाकडे लक्ष नाही. पहाटेच्या स्वप्नात चालतं तेच हे, फक्त डोळे उघडे ठेवून आणि पायात चपला घालून.

इथे नाक दाबून उपयोग नाही. श्वास अडणारच, तुम्ही जागेच आहात. इथली कसोटी वेगळी :

आधी अंगाची खूण पकडा. जबडा, मुठी, वाढलेली चाल, पुटपुटणारे ओठ. विचार पकडायला जाल तर तो तुम्हालाच घेऊन जाईल, अंग मात्र जागच्या जागी सापडतं. सापडलं की थांबा. खरोखर उभे राहा.

मग समोर जे आहे तेवढंच मोजा. चार चिरे. दोन तिरके, दोन आडवे. खाली आंब्याची वाळकी पानं. एका चिऱ्याला शेवाळ धरलेलं नाही, म्हणजे ती बाजू इतके दिवस आत होती. एवढंच समोर आहे. ते कोणी सरकवले, की उतारावर पावसाच्या पाण्याने ढासळले, हे चिऱ्यांवर लिहिलेलं नाही. ते डोक्यात लिहिलं गेलं.

मग 'कधी इलंस?' हा प्रश्न. घरातून निघालो तेव्हा मनात काय होतं? पंप. दादा कुठल्या वळणावर आला? गडग्याशी. वाट अशी मागे तपासलीत की खटल्यातली हवा बरीचशी जाते. पूर्ण जात नाही, ते अपेक्षितही नाही.

आणि शेवटी कृती. नवखे इथे घोटाळा करतात. त्यांना वाटतं, हे सगळं मनाचे खेळ आहेत असं कळलं म्हणजे गडगा सोडून द्यायचा. अजिबात नाही. चिरे खरे सरकलेत. दादाला विचारा, मोजणीचा अर्ज करायचा तर भूमी अभिलेख कार्यालयात करा, फी भरा, पावती जपून ठेवा. स्वप्नातला दादा तुमच्या मनाने घडवलेला असतो, त्याला वाटेल ते म्हणवून घेता येतं. पाणंदीपलीकडच्या घरात राहणारा दादा तुमच्या मनाने घडवलेला नाही. त्याला त्याची वाक्यं स्वतः बोलू द्या. अनेकदा ती तुमच्या खटल्यातल्या वाक्यांहून फारच साधी निघतात, आणि कधी कधी वाईटही निघतात. दोन्हीची तयारी ठेवा.

६. जाग आली की ती टिकवायची कशी

पहिल्यांदा सजग स्वप्न पडलं की माणूस इतका हरखतो की तिथेच जागा होतो. दिवसाचंही तसंच. 'अरे वा, पकडलं!' असं वाटतं आणि पुढचा अर्धा तास आपण किती सजग झालोय याच्या गप्पा मनात रंगतात. ती दुसरी कोर्टकचेरीच, फक्त यात सत्कार असतो.

स्वप्न टिकवायला अनुभवी लोक स्वप्नातले हात एकमेकांवर चोळतात, जवळच्या भिंतीला स्पर्श करतात, म्हणजे जाण अंगात उतरवतात. दिवसाही तेच करा. तळपायाखाली जांभ्याचा खरबरीतपणा. हातातल्या कळशीचा गार काठ. लांबचा समुद्राचा आवाज आणि जवळचा रहाटाचा, दोन्ही एका वेळी. दहा श्वास टिकलं की काम झालं, ओढून ताणून लांबवू नका. दिवसभर सजग राहीन अशी प्रतिज्ञा करणारे आठवड्यात कंटाळतात.

७. रात्रीचं काम, हवं असेल तर

दिवसाचा अभ्यास रात्रीशिवायही होतो. पण एकदा तरी सजग स्वप्न पडलं की आपण कशाच्या मागे आहोत ते नेमकं कळतं, म्हणून थोडक्यात. झोपल्यावर साधारण पाच तासांनी उठा. थोडा वेळ जागे राहा, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा, त्यात तुमची खूण कुठे होती ते शोधा. मग पडल्या पडल्या मनात घोळवा : 'पुढच्या स्वप्नात, हे स्वप्न आहे हे मला आठवेल.' आणि त्याच स्वप्नात परत जाऊन ती खूण ओळखताना स्वतःला पाहा. झोप लागेपर्यंत. अ‍ॅस्पी यांच्या त्याच अभ्यासात दिवसाच्या कसोट्या, ही मधली जाग आणि हा संकल्प असं तिन्ही करणाऱ्यांना आठवडाभरात साधारण १७ टक्के रात्री यश आलं. म्हणजे बहुतेक रात्री काही होत नाही. नाराज होऊ नका.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. दुसऱ्या दिवशी घाटातून गाडी चालवायची असेल तर मुळीच नाही.

सापळे

छातीवर बसणारा : मधे उठून पुन्हा झोपणाऱ्यांना कधी कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर ओझं वाटतं, खोलीत कोणीतरी असल्याचा भास होतो. आपल्याकडे याचं खापर देवचारावर नाहीतर मुंज्यावर फुटतं. रेममधला स्नायूंचा सैलपणा जाग आल्यावरही थोडा वेळ रेंगाळतो, म्हणून हे होतं. बहुधा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. ओरडायची धडपड करू नका. श्वासाकडे लक्ष द्या, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. कुशीवर झोपलात तर हे कमी होतं. वरचेवर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

सगळी माया : दोन-चार महिने जमलं की काहींची भाषा बदलते. 'हे सगळं स्वप्नच आहे.' मांडूक्य उपनिषद अवघ्या १२ मंत्रांचं, त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि चौथी तुरीय अवस्था येते. योगसूत्रांच्या समाधिपादात ३८ वं सूत्र स्वप्न आणि झोपेतल्या ज्ञानाचा आधार घ्यायला सांगतं. तिबेटी स्वप्नयोगात दिवसा सगळ्याकडे स्वप्न म्हणून बघायचा अभ्यास आहे. ही परंपरा मोठी आहे आणि ज्यांना तिच्यात शिरायचंय त्यांनी गुरूकडून शिरावं. पण सोसायटीचं कर्ज आणि बायकोचा वाढदिवस तिच्या आड लपवता येत नाही. जत्रेत दशावतार पाहिलाय ना? राजाची भूमिका करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की उजाडलं की मुकुट पेटाऱ्यात आणि आपण एसटीत. म्हणून तो युद्धात तलवार ढिली धरत नाही. लिहिलेली संहिता नसते, समोरचा काय बोलेल ते माहीत नसतं, त्यामुळे त्याला ऐकावंही लागतं.

काचेपलीकडचं जग : अभ्यासाने माणसं, वस्तू जवळच्या वाटायला हव्यात. परकी, धूसर, खोटी वाटू लागली, स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटू लागला, तर त्याच दिवशी थांबा. कसोट्या बंद, वही बंद. नीट जेवा, झोपा, माणसांत बसा. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्याला जागं करणं : नवरा-बायकोच्या भांडणात 'तू आत्ता स्वप्नात आहेस' असं समोरच्याला सांगू नये. खरं असलं तरी सांगू नये.

गाडी आणि पाणी : चालत्या दुचाकीवर, होडीत, झाडावर आंबे काढताना प्रश्न-कसोटी काही नाही. तिथे हातातल्या कामाकडे बघणं हीच जाग.

घरच्यांना काय सांगायचं

पाणंदीत मधेच उभं राहून चिरे मोजणारा, दुकानाची पाटी दोनदा वाचणारा आणि नाक धरून विचार करणारा माणूस गावात लपून राहत नाही. आठवड्याभरात कोणीतरी म्हणणार, "ह्येका काय तरी लागलां, देवाक गाऱ्हाणां घालूक व्हया." त्याआधीच घरात सरळ सांगून टाका : विसरभोळेपणावर उपाय चालू आहे. हे खोटंही नाही आणि कोणाला पुढे काही विचारावंसंही वाटत नाही. गाऱ्हाणं घातलंच तर नारळ तुम्ही द्या, आणि गाऱ्हाण्यातला तुमच्या नावाचा उच्चार ऐकू आला की प्रश्न विचारून घ्या.